चुकलेलं पान पुसू नये

नारपोलीसारख्या यंत्रमागांच्या वस्तीत मुलाला ‘शीक, मोठा साहेब होशील’ एवढंच सांगितल्यानं आशा रुजत नाही. माग बंद राहिले की घरात काय होतं, हे सात-आठ वर्षांच्या मुलालाही कळतं. पोकळ शब्द त्याला लगेच ओळखू येतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी आशेचे घटक मांडले: गाठायचं काहीतरी डोळ्यांपुढे असणं, तिथवरच्या वाटा सुचणं आणि त्या वाटेनं आपण जाऊ शकतो असा भरवसा. पहिला घटक भाषणातून देता येईल. उरलेले दोन मात्र गणिताच्या वहीतच मिळतात, असं माझं ठाम मत आहे.

५२ वजा २७ चं उत्तर मूल ३५ काढतं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन काढलेले असतात. उत्तर चुकलं, पण विचार केलेला आहे. नुसती फुली मारली तर ‘मला गणित येत नाही’ एवढंच मूल शिकतं. बाईंनी ‘कसं केलंस, सांग बघू’ म्हणत काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे पुढे ठेवले, मुलानं एका गठ्ठ्याचं रबर काढलं, दोनाच्या बारा काड्या झाल्या, की हातचा त्याला बोटांनी कळतो. जुनं उत्तर मात्र पुसू देऊ नये. खाली २५ लिहून तारीख घालावी. घरात तुटलेल्या धाग्याला गाठ मारून माग पुन्हा चालू होताना पाहणाऱ्या मुलाला दुरुस्तीची लाज वाटायचं कारण नाही.

घरी गरिबी असताना वहीनं काय होणार, हा आक्षेप रास्त आहे. वहीनं मजुरी वाढत नाही आणि आशेचं नाव पुढे करून मजुरीचा प्रश्न मागे ढकलणंही चूकच. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, कोसबाडला, गरिबी हटण्याची वाट पाहिली नाही; गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली. वेळ कुठे आहे, असं शिक्षक विचारतील. रोज साऱ्या वर्गाच्या नव्हे, पाच मुलांच्या वह्या अशा पाहिल्या तरी महिन्यात प्रत्येकाची पाळी येते. मुलखाला, म्हणजे मूळ गावी, गेलेलं मूल उशिरा परतलं, तर दाखला मिळायला उशीर झाला म्हणून त्याला प्रवेश नाकारता येत नाही, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्याची वही कपाटात जपून ठेवणं कायद्यात नाही. ते शिक्षकानं करायचं. दोन महिन्यांपूर्वीच्या तारखेचं पान उघडून द्यायचं आणि पुढचं गणित तिथूनच घालायचं.