मोटार शर्यतींतील प्रवेश-नियम आणि न्याय्यतेचा प्रश्न

प्रस्तावना :
स्पर्धेचा निकाल न्याय्य असावा, याविषयी दुमत नसते. मात्र स्पर्धेच्या प्रारंभरेषेपर्यंत कोणी पोहोचावे, हे ठरविणाऱ्या नियमांच्या न्याय्यतेचा विचार अभावानेच होतो. विदर्भातील शंकरपट असो वा फॉर्म्युला वन ही मोटार शर्यतींतील सर्वोच्च स्पर्धा, हा प्रश्न दोन्हीकडे उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात चालक व संघ यांच्या प्रवेश-नियमांचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

चालकांची पात्रता :
2015 मध्ये मॅक्स व्हर्स्टापेन वयाच्या सतराव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये उतरला. त्यानंतर एफआयए या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2016 पासून 'सुपर लायसन्स'साठी किमान 18 वर्षे वय व तीन हंगामांत 40 गुण अशी अट घातली. 2024 मध्ये वयाच्या अटीला अपवादाची तरतूद करण्यात आली. फॉर्म्युला टूमधील पहिल्या तिघांना प्रत्येकी 40 गुण मिळतात. अमेरिकेतील इंडीकार स्पर्धेत मात्र केवळ विजेत्यास तेवढे गुण होते. परिणामी इंडीकारमध्ये सात शर्यती जिंकलेल्या कोल्टन हर्टास 2022 मध्ये परवाना मिळू शकला नाही.

मुंबईच्या जेहान दारूवाला याने डिसेंबर 2020 मध्ये साखीर येथे फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. असे यश मिळविणारा तो पहिला भारतीय होय. परंतु गुण हंगामातील अंतिम क्रमांकावर मिळतात, सुट्या विजयावर नव्हे. 2021 व 2022 मध्ये तो सातवा आला. 2022 मध्ये त्याने मॅक्लारेनची फॉर्म्युला वन मोटार चाचणीत चालविली. तथापि या स्पर्धेत त्यास स्थान मिळाले नाही. 2025 पर्यंत तेथे दहा संघांच्या मिळून वीसच जागा होत्या. पात्रता आणि संधी या भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

वेगाची अट :
पात्रता फेरीच्या पहिल्या टप्प्यातील सर्वोत्तम वेळेच्या 107 टक्क्यांच्या आत फेरी पूर्ण करावी लागते. म्हणजे सर्वोत्तम वेळ 100 सेकंद असल्यास 107 सेकंदांची मर्यादा. या नियमामुळे भारताचा नारायण कार्तिकेयन 2011 व 2012 मध्ये मेलबर्न येथील शर्यतीस मुकला. त्याच्या एचआरटी संघाची दुसरी मोटारही दोन्ही वेळा अपात्र ठरली. उणीव मुख्यतः यंत्राची होती, तरी अपात्रता चालकाच्याही वाट्यास आली.

संघांचा प्रवेश :
2021 ते 2025 या काळातील करारानुसार नव्या संघाने 20 कोटी डॉलर भरावेत व ती रक्कम विद्यमान संघांत वाटली जावी, अशी तरतूद होती. ऑक्टोबर 2023 मध्ये एफआयएने अँड्रेटी संघाचा अर्ज मान्य केला; परंतु जानेवारी 2024 मध्ये व्यावसायिक हक्कधारक कंपनीने तो नाकारला. पुढे जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक संघास मार्च 2025 मध्ये अंतिम मान्यता मिळून 2026 पासून अकरावा संघ म्हणून प्रवेश लाभला. नवा संघ आल्यास उत्पन्नाचे वाटेकरी वाढतात, हा जुन्या संघांचा आक्षेप निराधार नाही. तथापि ज्यांचे हितसंबंध गुंतलेले आहेत, त्यांचेच मत प्रवेशाच्या निर्णयात प्रभावी ठरणे न्यायतत्त्वाशी विसंगत आहे.

न्याय्यतेचे निकष :
वरील विवेचनातून तीन निकष हाती येतात. नियम त्याच्या घोषित हेतूशी सुसंगत असावा, तो सर्वांना आधी ज्ञात असावा आणि निर्णय निःपक्ष यंत्रणेकडे असावा. 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतविषयक कायदा वैध ठरविला. शंकरपटातील बैलांच्या वैद्यकीय तपासणीची अट पहिल्या निकषावर टिकते, कारण तिचा संबंध थेट प्राण्याच्या सुरक्षिततेशी आहे. सुपर लायसन्सची वयोमर्यादाही याच प्रकारची आहे. मात्र विविध स्पर्धांना दिलेले गुणांचे वजन आणि संघांसाठीचे प्रवेशमूल्य यांविषयी असे निःशंकपणे म्हणता येत नाही.

समारोप :
प्रवेशाची अट ही केवळ तांत्रिक बाब नसून संधीचे वाटप करणारी व्यवस्था आहे. मुकुटबनसारख्या ग्रामीण परिसरातील महाविद्यालयांतही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी संघनिवड करताना हेच तीन निकष उपयुक्त ठरतील. साधनांच्या अभावामुळे मागे पडलेल्या खेळाडूस गुणवत्तेच्या अभावामुळे मागे पडलेला समजले जाऊ नये, एवढी दक्षता निवड समितीने घेणे आवश्यक आहे.