तेहरानची बस, एवीनचा तुरुंग

तेहरानची शहर बससेवा शेरकत-ए-वाहेद ही महापालिकेच्या अखत्यारीतली कंपनी चालवते. 2005 च्या सुमारास तिच्यात 17,000 च्या आसपास कामगार होते. बसचालकांची जुनी संघटना 1979 च्या क्रांतीनंतर काही वर्षांतच बंद पडली होती. ती त्यांनी 2005 मध्ये पुन्हा उभी केली आणि मन्सूर ओसानलू हा त्यांच्यातलाच एक चालक अध्यक्ष झाला. पुढची सहा वर्षे ओसानलूंचे नाव लंडन, ब्रुसेल्स आणि जिनिव्हाच्या कामगार कचेऱ्यांत घेतले जात होते. ते स्वतः मात्र त्यातला बहुतेक काळ तेहरानच्या एवीन आणि कारजजवळच्या रजाई शहर तुरुंगात होते.

चालकांनी संघटना काढली यात सरकारला एवढे काय खुपले, हे इराणचा कामगार कायदा पाहिल्याशिवाय कळत नाही. राज्यघटनेचे 26 वे कलम व्यावसायिक संघटनांना परवानगी देते, पण इस्लामी तत्त्वांना बाध येऊ नये या अटीवर. 1990 चा कामगार कायदा ही वाट आणखी अरुंद करतो. एका आस्थापनेतल्या कामगारांना इस्लामी कामगार परिषद, व्यवसाय संघ किंवा निवडून दिलेला प्रतिनिधी या तिन्हींपैकी एकच काहीतरी ठेवता येते. परिषदेचा उमेदवार निष्ठेच्या कसोटीला उतरावा लागतो आणि परिषदेत व्यवस्थापनाचाही माणूस बसतो. या परिषदांमागे ‘खाने-ये कारगर’ म्हणजे ‘कामगारांचे घर’ ही सत्तेच्या जवळची संस्था उभी असते. कारगर हा शब्द मराठी कानाला परका नाही. त्या घरात कारगराचा आवाज मात्र फारसा निघत नाही. वाहेदच्या चालकांना यांपैकी काहीच नको होते. त्यांना हवी होती ‘संदिका’, म्हणजे कामगारांनी स्वतः निवडलेली आणि मालकाशी समोरासमोर करार करणारी युनियन.

9 मे 2005 रोजी बेकरी कामगारांच्या सभागृहात त्यांची बैठक चालू असताना जमाव आत घुसला. मोडतोड झाली, मारहाण झाली आणि ओसानलूंच्या जिभेवर धारदार शस्त्राने वार झाला. हल्लेखोर परिषदांचे आणि खाने-ये कारगरचे होते, असे संघटनेचे म्हणणे. बोलणाऱ्याच्या जिभेवरच वार व्हावा, यापेक्षा उघड धमकी कोणती असते? तरीही त्याच वर्षी चालकांनी कधी भर दिवसा दिवे लावून बस चालवल्या, तर कधी प्रवाशांकडून भाडेच घेतले नाही. गाडी चालू ठेवायची, माणसांना पोहोचवायचे, पैसे तेवढे मागायचे नाहीत. लोकांचे हाल न करता मालकाला जाब विचारण्याचा हा मार्ग होता.

22 डिसेंबर 2005 ला ओसानलूंना अटक झाली. त्यांची सुटका, पगारवाढ आणि संघटनेला मान्यता या मागण्यांसाठी 28 जानेवारी 2006 रोजी संप ठरला. तो सुरू होण्याआधीच धरपकड सुरू झाली. शेकडो कामगार आत गेले, काही नेत्यांच्या बायकामुलांनाही घरातून उचलले. अनेकांची नोकरी कायमची गेली.

बाहेरच्या कामगारांनी या प्रकरणाला हात घातला तो इथे. लंडनमध्ये मुख्यालय असलेला आयटीएफ हा वाहतूक कामगारांचा जागतिक महासंघ 1896 पासूनचा. बसचालक, रेल्वेवाले, गोदी कामगार, खलाशी असे सगळे त्यात येतात. 15 फेब्रुवारी 2006 हा त्याने इतर महासंघांसह जागतिक कृतिदिन पाळला. देशोदेशीच्या इराणी दूतावासांसमोर निदर्शने झाली, निवेदने गेली. ऑगस्टमध्ये ओसानलू जामिनावर सुटले, नोव्हेंबरमध्ये पुन्हा महिनाभर आत गेले. जून 2007 मध्ये त्यांनी युरोपात जाऊन लंडन आणि ब्रुसेल्समधल्या महासंघांची भेट घेतली. परतल्यावर, 10 जुलैला, तेहरानमध्ये त्यांना पळवून नेण्यात आले. एवीनमध्ये असल्याचे नंतर समजले. राष्ट्रीय सुरक्षेविरुद्ध कृत्ये आणि राजवटीविरुद्ध प्रचार या आरोपांखाली पाच वर्षांची शिक्षा झाली.

ऑगस्ट 2007 आणि मार्च 2008 मध्ये पुन्हा कृतिदिन पाळले गेले. अॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने ओसानलूंना सद्सद्विवेकाचे कैदी मानले. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत 2508 क्रमांकाचे प्रकरण उभे राहिले आणि तिच्या समितीने सुटकेची मागणी केली. इराण 1919 पासून या संघटनेचा सदस्य आहे, पण संघटना स्वातंत्र्य आणि सामूहिक सौदा यांविषयीच्या 87 व 98 क्रमांकाच्या करारांना त्याने मान्यता दिलेली नाही. भारतानेही दिलेली नाही, हे मराठी वाचकाने विसरू नये. शिवाय समितीचा शब्द म्हणजे शिफारस. तुरुंगाची किल्ली तिच्याकडे नसते. ओसानलू सुटले ते जून 2011 मध्ये, जवळजवळ चार वर्षांनी. म्हणजे शिक्षा टळली नाही. पण मारहाणीत दुखावलेल्या डोळ्यावर उपचार व्हावेत म्हणून बाहेरून सतत मागणी होत राहिली आणि ती शस्त्रक्रिया कैदेत असतानाच झाली. आतल्या माणसाचे नाव रोज कुणीतरी घेत आहे, हे तुरुंगाधिकाऱ्याला ठाऊक असणे ही लहान गोष्ट नव्हे.

या पाठिंब्याची किंमतही असते आणि ती देशात राहणाऱ्याला मोजावी लागते. परदेशी संघटनेशी बोलणे हाच गुन्ह्याचा पुरावा धरला जातो. मे 2022 मध्ये इराणी शिक्षकांना भेटलेल्या दोन फ्रेंच नागरिकांना अटक झाली. त्यांतली एक शिक्षक संघटनेची पदाधिकारी होती. वाहेद संघटनेचे रेझा शहाबी आणि हसन सईदी यांनाही त्याच महिन्यात पकडले गेले. या फ्रेंच पाहुण्यांची भेट घेतल्याचा ठपका त्यांच्यावर होता. शहाबींना हे नवे नव्हते: जून 2010 मध्ये त्यांना बस चालवत असतानाच अटक झाली होती.