जुनी गाडी थांबल्यावरच का तापते?

आजचा विषय जुन्या गाड्यांच्या इंजिनाचा आहे, आणि उदाहरणाला आम्ही घेतलीय आपली प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, मूळ घराणं इटलीतल्या फियाट ११०० चं. मुंबईत काळी-पिवळी म्हणून ही गाडी ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. आता ती हौशी लोकांच्या घरी उरली आहे, आणि या मंडळींची एक तक्रार ठरलेली असते: ‘हायवेला झकास पळते हो, पण मे महिन्यात सिग्नलला अडकली की काटा वर चढतो.’

आम्हाला वाटतं, उत्तर या तक्रारीतच आहे. ते कसं, ते बघू.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता पाण्यात जाते. पाणी ती रेडिएटरपर्यंत वाहून नेतं, आणि तिथून ती हवेत सोडायची असते. म्हणजे पाणी हा नुसता हमाल. ओझं शेवटी घेणार हवाच. गाडी साठच्या वेगाने पळते तेव्हा समोरून वारा आपोआप येतो. ती थांबली की सगळी मदार पंख्यावर. आणि पद्मिनीचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. इंजिन ३००० फेऱ्यांवरून ८०० वर आलं, की पंखाही मंदावतो आणि त्याची हवा साधारण चौथ्या हिश्शावर येते. त्यात पुढे बस उभी असेल, तर तिचा गरम धूर आणि तापलेला डांबरी रस्ता. सगळं आपल्याच जाळीत येतं.

म्हणून निदानाचा साधा नियम लक्षात ठेवा. थांबल्यावर तापते आणि चालू लागली की निवते, तर दोष आधी हवेच्या बाजूला शोधायचा. हायवेला किंवा खंडाळ्याचा घाट चढताना तापते, तर पाण्याच्या बाजूला: रेडिएटर आतून तुंबलाय, पंप कमजोर झालाय, नाहीतर होज आतून सुजलाय. सकाळी चालू केल्याबरोबर भराभर तापते, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय का, ते बघा.

हवेच्या बाजूला काय बघायचं? पहिला फॅन बेल्ट. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. जास्त दबला तर तो घसरतो, आणि मग पंखाही हळू आणि पंपही हळू. दुसरं, रेडिएटरच्या पत्र्यांमधली धूळ आणि किडे. पाणी मारायचं ते इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे कचरा आला तसा बाहेर जातो. तिसरं, जाळीसमोर हौसेने लावलेले जादा दिवे, हॉर्न आणि बिल्ले. दिसायला छान, पण वारा अडवतात. चौथं, पंख्याभोवतीचं आवरण. ते मोडलं असेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी तीच गरम हवा घुसळत बसतो.

इलेक्ट्रिक पंखा बसवायला हरकत नाही. इंजिनाचा वेग कमी असला तरी तो पूर्ण फिरतो. पण डायनॅमोवाल्या गाडीत आधी हिशेब करा. आयडलला डायनॅमो जेमतेम चार्ज करतो, आणि संध्याकाळी दिवे लावून ट्रॅफिकमध्ये बसलात तर बॅटरी उतरते.

इग्निशनचं टायमिंगही तपासून घ्या. स्पार्क उशिरा पडला की पेट्रोल उशिरा जळतं आणि एक्झॉस्टच्या बाजूने हेड विनाकारण तापतं. कूलिंगचे सगळे भाग बदलूनही जी गाडी तापत राहते, तिच्यात पुष्कळदा हेच निघतं.

आता आमचीच चूक सांगतो. सायनजवळ ट्रॅफिकमध्ये आम्ही दोघं होतो, दुपारची वेळ. काटा लाल पट्ट्यात गेला, बॉनेटमधून वाफ यायला लागली. आम्ही फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवलं. ७ पौंडांचं झाकण असेल तर आतलं पाणी १११ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं, दाब गेला आणि सगळं पाणी एकदम उसळून वर आलं. एकाचा हात कोपरापर्यंत भाजला. वर शहाणपण असं, की त्याच तापलेल्या इंजिनात बाटलीतलं गार पाणी ओतलं. पद्मिनीचं हेड अल्युमिनियमचं आणि ब्लॉक ओतीव लोखंडाचा. अल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. हेड वाकलं, गॅसकेट गेली, आणि गाडी दीड महिना मेस्त्रीकडे पडून राहिली. हात बरा झाला, पण डाग अजून आहे.

तेव्हा रस्त्यावर काय करायचं? काटा चढायला लागला की पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. थांबलात की न्यूट्रल करा आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबून इंजिन १५०० च्या आसपास ठेवा. पंखा आणि पंप दोन्ही वेग घेतात. काटा लाल पट्ट्यात गेला किंवा वाफ दिसली, तर मात्र बाजूला घेऊन लगेच बंद. बॉनेट उघडायचं ते वाफ ओसरल्यावर. मग निदान अर्धा-पाऊण तास थांबायचं. वरचा होज हाताला गार लागेपर्यंत झाकणाला हात नाही.

मागे कोणी हॉर्न वाजवत असेल, तर वाजवू दे. घाईत आपला एक हात आणि एक हेड गेलंय. तुमचं जाऊ नये, एवढ्यासाठी आजचं व्याख्यान.