परदेशी पाहुणा गोव्यापासून का दुरावला?

दूर देशीच्या घटनेचा परिणाम आपल्या अंगणात कसा होतो, हे वऱ्हाडातील कापूस उत्पादकास वेगळे सांगावे लागत नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव एकाएकी चढले. १८६५ मध्ये युद्ध थांबले आणि ते भाव तितक्याच वेगाने कोसळले. राळेगावच्या काळ्या जमिनीत या चार वर्षांत काही बदलले नव्हते. शेतकऱ्याचे कष्टही तेच होते. बदलली होती ती सातासमुद्रापलीकडील गिऱ्हाइकाची परिस्थिती.

पर्यटन हाही असाच व्यवसाय आहे. त्यातील माल गावात असतो, परंतु घेणारा दूर असतो. गोव्याचा समुद्रकिनारा आज जेथे होता तेथेच आहे. माडांची बने, जुनी चर्चे व देवालये, शांत नद्या यांपैकी काहीही नाहीसे झालेले नाही. तरीही तेथे वर्षानुवर्षे येणारा परदेशी पाहुणा पूर्वीच्या संख्येने परतलेला नाही. असे का व्हावे, याचा विचार केवळ गोवेकरांनी करावा असे नाही. आपल्या गावालगतच्या जंगलाकडे, नदीकाठाकडे किंवा देवस्थानाकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहू लागलेल्या प्रत्येक ग्रामपंचायतीस त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आकडे काय सांगतात?

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या सुमारे चतुर्थांश. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या १४.५८ लाख, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या जवळपास निम्मी. एवढ्या लहान राज्यात २०१९ मध्ये सुमारे ८०.६४ लाख पर्यटक आले. त्यांपैकी ७१.२७ लाख भारतीय व ९.३७ लाख परदेशी होते. पुढे कोविडच्या साथीने सारे जग थांबले आणि २०२१ मध्ये परदेशी पाहुण्यांची संख्या २२ हजारांच्या आसपास घसरली. २०२३ मध्ये ती ४.५२ लाख व २०२४ मध्ये ४.६७ लाख झाली. याच २०२४ मध्ये भारतीय पर्यटकांची संख्या मात्र ९९.४१ लाखांवर पोहोचली.

ओहोटी थांबली हे खरे, पण भरती आलेली नाही. साथीपूर्वी गोव्यास येणाऱ्या दर शंभर पाहुण्यांत सुमारे १२ परदेशी असत. २०२४ मध्ये हे प्रमाण पाचाच्याही खाली होते.

हा दोष केवळ साथीचा म्हणावा, तर इतर आकडे त्यास दुजोरा देत नाहीत. संपूर्ण भारतात २०१९ मध्ये सुमारे १.०९ कोटी परदेशी प्रवासी आले होते. २०२४ मध्ये ही संख्या ९९.५ लाखांच्या घरात गेली, म्हणजे दहापैकी नऊ परतले. थायलंडमध्ये २०१९ साली जवळजवळ ४ कोटी पाहुणे आले होते; २०२४ मध्ये ते साडेतीन कोटींहून अधिक होते. व्हिएतनामनेही २०२४ मध्ये पावणेदोन कोटींचा टप्पा गाठून साथीपूर्वीची पातळी जवळपास भरून काढली. गोव्यात मात्र दोनांपैकी एकच परतला. यास्तव कारणे अन्यत्र शोधली पाहिजेत.

पाहुणा आला कसा?

गेलेला पाहुणा का गेला हे समजण्यासाठी तो आला कसा हे पाहणे उपयुक्त ठरेल. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. त्यानंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतील भटके तरुण हणजूण, कळंगुट या किनाऱ्यांवर येऊन राहू लागले. १९७४ मध्ये आग्वादच्या किल्ल्याजवळ मोठे हॉटेल उभे राहिले. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल परिषदेस आलेल्या राष्ट्रप्रमुखांचा विश्रामकाल गोव्यात पार पडला आणि त्याचे नाव जगभर पोहोचले. १९८७ मध्ये गोवा स्वतंत्र घटकराज्य झाला व त्याच दशकात चार्टर विमाने दाबोळीस उतरू लागली.

चार्टर विमान म्हणजे काय, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. लग्नाच्या वऱ्हाडासाठी आपण पूर्ण बस ठरवितो, त्याप्रमाणे परदेशातील पर्यटन संस्था संपूर्ण विमान हंगामासाठी ठरवून घेते. प्रवास, विमानतळावरून हॉटेलपर्यंतचे वाहन आणि दोन आठवड्यांचा मुक्काम यांचा एकच दर ती आपल्या ग्राहकास सांगते. ग्राहकास काही शोधावे लागत नाही, आणि गोव्यातील हॉटेलमालकास हंगामापूर्वीच खोल्या भरल्याची हमी मिळते. ऑक्टोबर ते मार्च या काळात ब्रिटन व रशिया येथून असे हजारो पाहुणे येत. कांदोळी-कळंगुटच्या बाजूस इंग्रजांची वर्दळ असे, तर मोरजी-हरमलकडे रशियनांची. इंग्रजांपैकी अनेक निवृत्त दांपत्ये होती. मायदेशीच्या हिवाळ्यापासून दूर, एकाच गावात ती आठवडेच्या आठवडे राहत आणि पुढील वर्षी त्याच घरी, त्याच झोपडीवजा उपाहारगृहात परतत.

व्यवस्था सोयीची होती, परंतु तिच्यात एक धोकाही होता. मोजक्याच व्यापाऱ्यांवर सारा माल अवलंबून होता.

दूरची कारणे

पहिला धक्का साथीच्याही आधीचा आहे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनमधील थॉमस कुक ही जुनी पर्यटन कंपनी दिवाळखोरीत निघाली. गोव्यात चार्टर विमाने आणणाऱ्या प्रमुख संस्थांत तिची गणना होती. हंगाम तोंडावर आला असताना तिची विमाने एकाएकी बंद झाली. गोव्यातील हॉटेलमालकाने वा टॅक्सीचालकाने काही चूक केली नव्हती. तरीही त्यांचा हंगाम गेला.

दुसरे कारण युद्धाचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाले. आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे रशियाच्या विमानसेवेवर मर्यादा आल्या आणि मार्च २०२२ पासून रशियन बँकांची व्हिसा व मास्टरकार्ड ही कार्डे परदेशात चालेनाशी झाली. पाहुणा आला तरी पैसे कसे चुकते करावेत, ही अडचण त्यास पडू लागली. १८६५ मध्ये वऱ्हाडास जो अनुभव आला, तोच येथे निराळ्या रूपाने आला.

तिसरे कारण प्रवेशपरवान्याचे, म्हणजे व्हिसाचे. भारताने नोव्हेंबर २०१४ पासून संगणकाद्वारे परवाना देण्याची सोय सुरू केली, तेव्हा पहिल्या नऊ विमानतळांत गोव्याचा समावेश होता. साथीच्या काळात ही सोय बंद झाली. मार्च २०२२ मध्ये ती बहुतेक देशांसाठी पुन्हा सुरू झाली, तरी ब्रिटनच्या नागरिकांसाठी ती डिसेंबर २०२२ मध्येच खुली झाली. तोपर्यंत त्यांचा हिवाळी बेत ठरून गेला होता. एकदा दुसरीकडे गेलेला पाहुणा तेथील सोयीस सरावतो.

आणि इतर देश या काळात स्वस्थ बसलेले नव्हते. ऑगस्ट २०२३ मध्ये व्हिएतनामने संगणकीय परवान्याची मुदत ९० दिवसांपर्यंत वाढविली. जुलै २०२४ मध्ये थायलंडने ९३ देशांच्या नागरिकांना परवान्याविना ६० दिवस राहण्याची मुभा दिली. मोठ्या आर्थिक संकटातून गेलेल्या श्रीलंकेतही २०२४ मध्ये २० लाखांहून अधिक पाहुणे आले. ऊन, वाळू आणि माड या सर्वच ठिकाणी आहेत. अशा वेळी जेथे पोहोचणे सोपे तेथे प्रवासी जातो.

जवळची कारणे

दूरची कारणे आपल्या हाती नसतात. जवळची असतात, म्हणून त्यांचा विचार अधिक काळजीपूर्वक केला पाहिजे.

गोव्यात वारंवार चर्चिला गेलेला प्रश्न टॅक्सीच्या भाड्याचा आहे. मीटरऐवजी तोंडी ठरविलेल्या भाड्यावर तेथील वाहतूक दीर्घकाळ चालत आली. २०१८ मध्ये मोबाइलद्वारे टॅक्सी मागविण्याची सेवा सुरू झाली, तेव्हा स्थानिक चालकांनी तिला तीव्र विरोध केला. चालकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. व्यवसाय वर्षातून जेमतेम सहा महिने चालतो आणि कर्जाचे हप्ते बारा महिने भरावे लागतात. तथापि पाहुण्यास भाडे किती हे आधी समजले नाही, तर रक्कम योग्य असली तरी आपली फसवणूक झाली असे त्यास वाटते. शेतकऱ्यास काट्याविषयी शंका आली, की तो पुढच्या वेळी दुसऱ्या बाजारात माल नेतो; त्यातलाच हा प्रकार आहे.

दुसरा प्रश्न कचऱ्याचा व सांडपाण्याचा. साडेचौदा लाख वस्तीच्या राज्यात वर्षाकाठी एक कोटीहून अधिक माणसे येऊन जातात, तेव्हा गटारे, पाणी, रस्ते या सर्वांवर ताण येतो. साळगाव येथे २०१६ मध्ये आधुनिक कचरा प्रक्रिया प्रकल्प उभारण्यात आला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु किनाऱ्यावर फुटलेली बाटली टाकणारा हात थांबविण्याचे काम कोणताही प्रकल्प करू शकत नाही.

तिसरा प्रश्न शांततेचा व सुरक्षिततेचा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. तरी किनाऱ्यावरील गावांतून रात्रीच्या गोंगाटाच्या तक्रारी येत राहिल्या. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफडे येथील एका नाइट क्लबला आग लागून २५ जणांचा मृत्यू झाला. त्यांत बहुसंख्य तेथे पोटासाठी राबणारे कामगार होते. पाहुण्यांचे रक्षण करणारे नियम यजमानांचेही रक्षण करतात, हे या दुर्घटनेने फार मोठी किंमत घेऊन दाखविले.

वाढत्या संख्येआड काय दडले?

यावर असे विचारले जाईल की, एकूण पाहुणे वाढले असताना परदेशी कमी झाल्याची चिंता का करावी? प्रश्न रास्त आहे. भारतीय पाहुण्याने साथीनंतर गोव्याच्या अर्थव्यवस्थेस हात दिला, हे नि:संशय. त्याचा मान कोणत्याही परदेशी पाहुण्यापेक्षा कमी नाही.

तरीही पाहुण्यांची डोकी मोजणे आणि त्यांच्या मुक्कामाच्या रात्री मोजणे, यांत फरक आहे. शनिवार-रविवार जोडून स्वतःच्या मोटारीने येणारे कुटुंब दोन रात्री राहून परतते. चार्टर विमानाने आलेले दांपत्य चौदा रात्री राहते. म्हणजे असे एक दांपत्य गेले, तर तितक्याच रात्री भरून काढण्यास सात जोडपी यावी लागतात. रस्त्यावरील वाहने, कचरा व पाण्याची मागणी मात्र सातपट येण्याजाण्याच्या हिशेबाने वाढते. शिवाय दीर्घकाळ राहणारा पाहुणा गावातच भाजी घेतो, शिंप्याकडे कपडे शिवतो, भाड्याची खोली घेतो. त्याचा पैसा मोठ्या हॉटेलाच्या दाराबाहेर पोहोचतो. तो न आल्यास प्रथम झळ लागते ती घरची एक खोली भाड्याने देणाऱ्या विधवेस आणि बांबूचे उपाहारगृह दरवर्षी नव्याने उभारणाऱ्या कुटुंबास. एकूण संख्येचा आकडा वाढता असल्याने ही झळ कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

राळेगावने यातून काय घ्यावे?

आपल्या भागात समुद्र नाही, परंतु पाहुणा येऊ लागला आहे. जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्य वाघांसाठी ओळखले जाते. तेथून जून २०१९ मध्ये निघालेला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, ही वार्ता देशभर गाजली. शेजारच्या कळंब येथे चिंतामणीचे देवस्थान आहे आणि वर्धा नदीपलीकडे सेवाग्रामचा आश्रम आहे. या सर्वांच्या मध्ये असलेल्या राळेगाव तालुक्यात उद्या निवासाची व भोजनाची सोय करण्याचा विचार पुढे येणे स्वाभाविक आहे.

त्या वेळी गोव्याचा अनुभव जवळ ठेवावा. एकाच गावाहून वा एकाच प्रवासी संस्थेकडून येणाऱ्या पाहुण्यांवर सारी भिस्त ठेवू नये. शेती हा मुख्य आधार राहू देऊन पर्यटन हे जोडउत्पन्न मानावे. वाहनाचे, जेवणाचे व खोलीचे दर फलकावर लिहावेत आणि ते सर्वांस एकच असावेत. पाहुणा येण्यापूर्वी कचऱ्याची व शौचालयाची व्यवस्था व्हावी. ग्रामसभेत आकडा सांगावयाचा तो किती माणसे आली याचा नव्हे. किती रात्री राहिली आणि गावातील किती घरांत पैसा पोहोचला याचा.

आणखी एक गोष्ट या तालुक्यास विसरता येणार नाही. राळेगाव-पांढरकवडा परिसरात १३ जणांच्या मृत्यूस कारण मानली गेलेली वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारण्यात आली. पाहुण्यास वाघ पाहावयाचा असतो. येथील शेतकऱ्यास मात्र वाघाच्या शेजारी रात्रीचे ओलीत करावयाचे असते. ज्या गावांनी जंगलाची किंमत मोजली आहे, त्यांच्या सुरक्षिततेचा व उत्पन्नाचा विचार आधी न करता आखलेले पर्यटन येथे टिकणार नाही.

शिक्षकबंधू-भगिनींस या विषयावर वर्गात एक साधा पाठ घेता येईल. शाळेची सहल जेथे जाईल, तेथे आपण किती वेळ राहिलो, कोणाकडून काय घेतले आणि मागे काय टाकून आलो, याची नोंद विद्यार्थ्यांनी ठेवावी. चांगला यजमान होण्याची सुरुवात चांगला पाहुणा होण्यापासूनच होते.

युद्ध, दिवाळखोरी आणि साथ यांवर कोणत्याही ग्रामपंचायतीचा अधिकार चालत नाही. फलकावरील दर, गावची स्वच्छता, रात्रीची शांतता आणि दिलेला शब्द यांवर तो चालतो. दूरचे वादळ शमल्यावर पाहुणा पुन्हा वाट शोधू लागतो, तेव्हा तो ज्या गावी पूर्वी सुखाने राहिला तेथेच प्रथम वळतो.