लग्न हे पाळीच्या कळांवरचं औषध नव्हे

“लग्न झालं, एक मूल झालं की थांबेल!” पाळीच्या कळांनी वाकलेल्या मुलीला कर्नाटकातल्या गणेशगुडीसारख्या गावापासून पुण्या-मुंबईपर्यंत आजही हेच ऐकवलं जातं. किती दिवस ऐकवणार?

गर्भाशयाचं अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्यं तयार होतात. त्यांनी गर्भाशय जोराने आकसतं, तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि ओटीपोटात, कंबरेत, मांड्यांत कळा येतात. मळमळ आणि जुलाबही त्यांच्यामुळेच. यात मंगळसूत्राचा संबंध कुठे येतो? बाळंतपणानंतर काहींच्या कळा कमी होतात, सगळ्यांच्या नाही. पोटदुखी थांबावी म्हणून मूल होऊ द्या, हा सल्लाच चुकीचा आहे.

खरा धोका वाट पाहण्यात आहे. साधी पोटदुखी बहुधा पहिली पाळी आल्यापासून वर्ष-दोन वर्षांत सुरू होते आणि दर महिन्याला दोन-तीन दिवसांत ओसरते. पण दुखणं वाढत चाललं, पाळी नसतानाही राहिलं, शौचाच्या किंवा शरीरसंबंधाच्या वेळी जाणवलं, तर एंडोमेट्रिओसिसची शंका घ्यावी. यात अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के, म्हणजे 19 कोटी स्त्रिया आणि मुलींना हा आजार आहे. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी तो असू शकतो. त्याने गर्भ राहणंही अवघड होऊ शकतं. आणि आपण त्याच मुलीला मूल होईपर्यंत थांब म्हणतो!

दुखण्यावरच्या गोळ्यांनी मूल होत नाही म्हणतात? पाळीपुरत्या घेतलेल्या आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडने वंध्यत्व येत नाही. मात्र अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आंबट खाल्ल्याने कळा वाढतात याला पुरावा नाही. व्यायाम वर्ज्य नाही, नियमित केल्यास दुखणं कमी होतं. शेकही उपयोगी.

‘गर्भपिशवी काढली की सुटका’ हा गैरसमज मात्र भयंकर. 2019 च्या सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. एंडोमेट्रिओसिसचं दुखणं तर पिशवी काढूनही राहू शकतं.

कर्नाटक मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये नोकरदार स्त्रियांसाठी महिन्याला एक दिवसाची पगारी पाळी-रजा मंजूर केली. पण शाळकरी मुलीच्या कळांची दखल घरानेच घ्यायची आहे. दर महिन्याला तिची शाळा बुडत असेल, तर कधी, कुठे, किती दुखलं हे लिहून ठेवा आणि तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या, त्यासाठी दांडेलीसारखं शहर गाठावं लागलं तरी.