बटाट्याचे बेणे : मोड आणण्यापासून लावणीपर्यंत



दिवाळी सरली की भिगवण परिसरात पहाटेचा गारवा जाणवू लागतो. परसबागेत बटाटा लावण्याचा हाच काळ होय. रात्रीचे तापमान २० अंशांच्या खाली उतरल्याखेरीज बटाट्याचे कंद नीट पोसत नाहीत. म्हणून ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावणी उरकावी.

टोपलीतील मोड आलेला बटाटाच मातीत पुरावा, असा मोह अनेकांना होतो. तो उगवतोही, परंतु बटाटा कंदापासून वाढत असल्याने मातृकंदातील रोग नव्या झाडात जसाच्या तसा उतरतो. १८४५ साली आयर्लंडमध्ये करप्याने पीक नासले आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व आजारांनी मृत्यू पावली. गोरगरिबांचे पोट जवळजवळ एकाच जातीवर अवलंबून होते. ती जात रोगाला बळी पडताच सारेच गेले. बेण्याची निवड ही किरकोळ बाब नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्याकडे बेणे मुख्यतः पंजाबातून येते. तेथे मावा किडीचा उपद्रव कमी असलेल्या काळात बियाण्याचे पीक घेतात, त्यामुळे विषाणूंचा प्रसार रोखला जातो. ही पद्धत सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने घालून दिली. ‘कुफरी ज्योती’, ‘कुफरी पुखराज’, ‘कुफरी लवकर’ या जातींच्या नावांतील कुफरी हे सिमल्याजवळचेच गाव. आपल्या जिल्ह्यात मंचर व खेड भागांत बटाट्याची मोठी लागवड होते; तिकडील बाजारात खात्रीचे बेणे मिळू शकते.

बेणे शीतगृहातून आणल्यावर लगेच लावू नये. दहा-पंधरा दिवस ते सावलीत, हवेशीर व मंद उजेडाच्या जागी एकेरी थरात पसरावे. अंधारात मोड लांब, पांढरे व ठिसूळ होतात. उजेडात ते आखूड, जाड व रंगीत येतात. साधारण एक सेंटिमीटर मोड पुरेसा. ४० ग्रॅम वजनाचा अखंड कंद उत्तम. मोठा कंद कापणे भाग पडल्यास प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे ठेवावेत व काप सावलीत सुकू द्यावा; ओली फोड मातीत कुजते.

भिगवणची काळी माती पाणी धरून ठेवते. म्हणून कुजलेले शेणखत मिसळून उंच वरंबे करावेत. दोन ओळींत ६० व दोन कंदांत २० सेंटिमीटर अंतर ठेवावे. मोड वर करून पाच-सात सेंटिमीटर खोल लावावे. तीन मीटर लांबीच्या दोन ओळींत तीस कंद, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास बेणे बसते. आदल्या वर्षी वांगी, टोमॅटो वा मिरची घेतलेली जागा टाळावी.

पाणी हलके पण नियमित द्यावे. महिन्याने झाडांना मातीची भर लावावी. ऊन लागून हिरवा झालेला बटाटा विषारी असतो, तो खाऊ नये. नव्वद-शंभर दिवसांनी पाने पिवळी पडतात. काढणीपूर्वी दहा दिवस पाणी तोडावे, म्हणजे साल घट्ट होते.

निघालेले बटाटे आनंदाने खावेत, शेजाऱ्यांनाही द्यावेत. मात्र पुढील वर्षासाठी बेणे म्हणून राखू नयेत. आपल्या उन्हाळ्यात ते सुरकुततात व रोगही साठवतात. दरवर्षी नवे बेणे आणणे, हाच शहाणपणाचा मार्ग.