बुटाची नाडी का सुटते?

पहिलीतल्या मुलाच्या बुटाची नाडी सारखी सुटते आणि आपण त्यालाच वेंधळे ठरवतो. दोष बहुधा गाठीचा असतो. सुरगाठीत आधी साधा वेढा व मग फासे येतात. दोन्ही वेळा वेढा एकाच दिशेने घेतला, तर फासे बुटाच्या लांबीला समांतर राहतात. ही गाठ कच्ची. दुसऱ्यांदा दिशा उलटी घेतली, की फासे आडवे बसतात, ही पक्की. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले, की जमिनीवर आपटणाऱ्या पावलाने गाठ सैलावते आणि पाय झुलताना नाडीची मोकळी टोके ती ओढून सोडवतात. म्हणून मुलाला रागावण्याआधी त्याचे फासे पाहा. शिकवताना त्याच्या शेजारी बसा. समोरून त्याला सारे उलटे दिसते.